दमाचा जमाखर्च

मराठीत ‘दम’ हा शब्द फार कामाचा आहे. फारसीत त्याचा मुख्य अर्थ श्वास. आपल्याकडे येऊन तो संसारी झाला. चढ चढताना दम लागतो, कामाने माणूस दमतो, अडचणीत दम धरावा लागतो, धावपळीत दमछाक होते, आणि ज्याच्या बोलण्यात तथ्य नाही त्याच्या बोलण्यात दम नाही असे आपण म्हणतो. व्युत्पत्तीच्या कसोटीवर यांतले काही शब्द वेगळ्या कुळातले ठरतीलही. परंतु बोलणाऱ्याच्या मनात श्वास, शक्ती आणि धीर ही तिन्ही एकाच खात्यावर मांडलेली असतात. एका खात्यातून उचल झाली की बाकीची दोन आपोआप रिती होतात. जुन्या फुप्फुसविकाराच्या माणसाबरोबर आम्ही काही वर्षे काढली, तेव्हा भाषेने केलेला हा हिशेब किती अचूक आहे ते आमच्या ध्यानात आले.

आमचे घर लोंढ्याचे. पणजोबांनी रेल्वेच्या नोकरीपायी येथे बिऱ्हाड केले आणि पुढे कोणी परत गेले नाही. सदर्न मराठा रेल्वे, मग मद्रास अँड सदर्न मराठा, स्वातंत्र्यानंतर सदर्न, मग साउथ सेंट्रल आणि २००३ पासून हुबळीस मुख्यालय असलेली साउथ वेस्टर्न. पाट्या बदलत गेल्या, जंक्शन तेच राहिले. एक मार्ग बेळगाव-मिरजेकडे, दुसरा धारवाड-हुबळीकडे आणि तिसरा कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्याकडे. आमच्या लहानपणी वाफेची इंजिने होती आणि वाळत घातलेल्या धोतरांवर कोळशाची काजळी बसे, म्हणून घरातली वडील माणसे स्टेशनाला नावे ठेवीत. घरात मात्र दुसरा धूर होता. त्याला कोणी धूर म्हणत नसे. तो स्वयंपाक होता.

लोंढ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगावयास नको. मृगाला लागलेली झड गणपती आले तरी हटत नाही. मे महिन्यात फोडून, रचून, माळ्यावर चढवलेली लाकडेसुद्धा आषाढापर्यंत दमट होतात. वाऱ्यापावसामुळे खिडक्या बंद, दारे ओढलेली, चुलीवरच्या दोरीला वाळत घातलेले कपडे, आणि खाली ओले लाकूड फुलवीत बसलेली घरची बाई. आमच्या घरात ही बाई म्हणजे आमच्या थोरल्या काकू. नंदगडकडून १९६१ साली त्या लग्न होऊन आल्या आणि १९९४ मध्ये घरी गॅस येईपर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षे, त्या चुलीसमोर होत्या. घरातले पुरुष रेल्वेत. कोणाची ड्यूटी पहाटेची, कोणाची मध्यरात्रीची. त्यामुळे चूल थंड होण्याला मुहूर्त नसे. हाताशी पितळेची फुंकणी असे. स्वतःचा श्वास त्या नळीतून निखाऱ्यांना द्यायचा आणि परत घेताना धूर घ्यायचा, हा व्यवहार दिवसातून कितीदा तरी होई. काकूंनी तंबाखूला जन्मात हात लावला नाही. मशेरीदेखील लावली नाही.

खोकला त्यांना होताच. पण पावसाळ्यात लोंढ्यात सगळेच खोकतात, त्याला आजार कोण म्हणणार? घराच्या लक्षात आले ते बांगड्यांमुळे. मनगटावर घट्ट बसणाऱ्या हिरव्या बांगड्या हळूहळू कोपराकडे सरकू लागल्या. नऊवारीचा घोळ वाढला. दोन-तीन वर्षांत त्यांचे वजन बावन्न किलोंवरून एकेचाळिसावर आले. विचारले तर उत्तर ठरलेले असे, “मला काय बी झालेलं नाही. वय झालं, एवढंच.” मग एका पावसाळ्यात पायांवर सूज आली. पुढल्या वर्षी पाण्याचा हंडा उचलताना पाठीत चमक भरली, आणि खानापुरात काढलेल्या एक्सरेत मणका दबलेला दिसला. रात्री झोप लागेना, सकाळी डोके जड. भजनाला जाणे सुटले, हळदीकुंकवाला जाणे सुटले. प्रत्येक दुखण्याचा वेगळा कागद, वेगळी गोळी आणि वेगळे पथ्य. कपाटात अशा कागदांची एक थप्पी साठली.

२००६ साली बेळगावातल्या छातीच्या एका डॉक्टरांनी ती थप्पी टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. त्याआधी त्यांनी काकूंना एका नळीत जोरात फुंकावयास सांगितले होते. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. पूर्ण श्वास घेऊन सोडताना पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे तीत मोजतात. निरोगी माणसाची बरीचशी हवा त्या सेकंदात निघून जाते. काकूंची अर्धीही निघत नव्हती. विकाराचे नाव सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन श्वास बाहेर टाकण्यास अडथळा होणारा जुना विकार. डॉक्टर त्या कागदांकडे बोट दाखवून म्हणाले, “आजी, ही सगळी एकाच घरची माणसं आहेत. तुम्ही त्यांना वेगवेगळ्या गावची समजत होता.”

त्यानंतरच्या सात वर्षांत आम्ही त्या घरच्या माणसांची ओळख करून घेतली. ती येथे करून देतो; कारण सीमाभागातल्या आपल्या घरांतून ही माणसे पुष्कळ ठिकाणी वस्तीला आहेत आणि त्यांची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत.

पहिली गोष्ट वजनाची. निरोगी माणसाला श्वास घेण्यासाठी शरीराच्या शक्तीचा अगदी थोडा वाटा खर्च करावा लागतो. तो कामात धरलाही जात नाही. श्वासनलिका अरुंद झाल्या की हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. छाती फुगलेल्या स्थितीत राहते, पिंपासारखी दिसू लागते. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांमधला घुमटासारखा स्नायू. तो खाली दाबला जाऊन सपाट होतो, आणि सपाट झालेल्या स्नायूला ओढण्याची ताकद राहत नाही. मग मानेचे, खांद्याचे, बरगड्यांमधले स्नायू त्या कामाला जुंपले जातात. माणूस खाटेवर नुसता बसलेला दिसतो, पण आत त्याचे दिवसरात्र कष्ट चाललेले असतात. त्या कष्टांना अन्न हवे, आणि नेमके अन्नच जात नाही. कारण फुगलेली छाती पोटावर दाबते, चार घासांत पोट भरल्यासारखे वाटते, शिवाय चावणे आणि गिळणे यांसाठी श्वास थांबवावा लागतो. काकू ताटावरून लवकर उठत, तेव्हा त्यांना अन्न नको असे. खरे म्हणजे त्यांना श्वास हवा असे.

दुसरी गोष्ट पायांच्या सुजेची. ती समजून घेण्यास आम्हां लोंढेकरांना घाटाचा उपयोग झाला. कॅसलरॉक आणि कुळे यांच्यामधला चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. रेल्वेच्या हिशेबात हा चढ फार मोठा. म्हणून घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून रेटणारी जादा इंजिने लावतात, त्यांना बँकर म्हणतात. हृदयाच्या उजव्या कप्प्याचे काम सपाटीवरच्या इंजिनाचे आहे. अशुद्ध रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलावयाचे, एवढेच. परंतु फुप्फुसांत प्राणवायू कमी झाला की तेथील रक्तवाहिन्या आकसतात आणि सपाटीचा घाट होतो. बँकर मिळण्याची सोय नाही. तो उजवा कप्पा एकटाच वर्षानुवर्षे चढ चढतो, आधी जाड होतो, मग सैल पडतो. मागे रक्त तुंबते आणि पाणी पायांत उतरते. मूत्रपिंडालाही प्राणवायूची टंचाई कळते. ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवण्याचा निरोप पाठवते. हेतू चांगला, परिणाम उलटा. कारण पेशी फार वाढल्या की रक्त दाट होते आणि दमलेल्या हृदयावरचा भार आणखी वाढतो.

तिसरी गोष्ट स्नायूंची, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. दम लागतो म्हणून माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की मांडीचे स्नायू झिजतात. त्यांतले दीर्घकाळ न थकता काम करणारे तंतू आधी घटतात. असा कमजोर स्नायू थोड्याच श्रमात आम्ल तयार करतो, ते धुऊन काढण्यासाठी शरीर जास्त श्वास मागते, आणि दम आणखी लवकर लागतो. मग माणूस आणखी कमी हलतो. या चक्रात फुप्फुस तेवढेच राहते. पाय मात्र दर महिन्याला मागे पडतात. काकू आधी स्टेशनापर्यंत जात, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग तुळशीपर्यंत. घरच्यांना वाटे, छाती बिघडत चालली. बिघडत होत्या त्या मांड्या.

हाडांचेही तसेच. चालणे बंद, वजन कमी, ऊन अंगावर नाही, उतारवय, आणि दम वाढला की दर वेळी पोटात घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या. या सगळ्यांनी हाडे पोकळ होतात. मणका दबला की पाठीला बाक येतो आणि आधीच अपुऱ्या छातीला जागा आणखी कमी पडते. शिवाय फुप्फुसातला जुना दाह पूर्णपणे तेथेच राहत नाही, त्यातली काही द्रव्ये रक्तात उतरतात आणि रक्तवाहिन्या, स्नायू, हाडे यांना उपद्रव देतात, असे मानले जाते. अशा रुग्णांत हृदयविकार अधिक आढळतो, आणि दम अचानक वाढल्यानंतरचे काही आठवडे हृदयाच्या झटक्याच्या दृष्टीने विशेष धोक्याचे असतात, हे तर आता पुरते सिद्ध झाले आहे.

राहिले मन. पाण्यात बुडणाऱ्या माणसाची भीती ही दुर्बळता आहे असे कोणी म्हणत नाही. पण खाटेवर बसून तीच भीती रोज अनुभवणाऱ्यास लोक ‘घाबरट’ म्हणतात. काकूंची सकाळची डोकेदुखी ही रात्री अंगात साठलेल्या कर्बवायूची होती. झोपेची गोळी श्वास आणखी मंद करते, म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी ती सर्वांआधी बंद केली. भजनाला न जाण्याचे कारणही तेव्हाच उलगडले. अभंगाचे एक चरण एका श्वासात पुरे होईना, आणि मध्येच तुटलेला आवाज चार बायकांत ऐकू जाण्यापेक्षा त्यांनी घरी राहणे पत्करले होते. त्यांना विठोबा नकोसा झालेला नव्हता.

वैद्यकालाही हे सगळे एका सूत्रात ओवण्यास वेळ लागला. बार्तोलोमे सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक निर्देशांक मांडला. त्यात चार मोजमापे आहेत. उंचीच्या मानाने वजन, फुंकण्याच्या तपासणीतला अडथळा, रोजच्या कामात लागणारा दम, आणि सहा मिनिटांत चालून जाता येणारे अंतर. चारांपैकी एकच यंत्रातून येते. बाकीची तीन तराजू, प्रश्न आणि पाय यांतून मिळतात. रुग्ण किती जगेल याचा अंदाज एकट्या फुंकण्याच्या तपासणीपेक्षा या चौघांनी अधिक बरोबर दिला. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, या विकारावरील ‘गोल्ड’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने आपल्या व्याख्येतच फुप्फुसाबाहेरील परिणामांचा उल्लेख केला. आपल्या प्राचीनांनी क्षयाला ‘क्षय’ किंवा ‘शोष’ म्हटले, ते रोगाच्या जागेवरून नव्हे. झिजत, सुकत जाणाऱ्या सबंध देहावरून. त्यांना जंतू ठाऊक नव्हता. पण त्यांनी माणूस पूर्ण पाहिला होता.

क्षयाचे नाव निघाले की बेळगावकराला कुमार गंधर्व आठवल्यावाचून राहत नाहीत. बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हा मुलगा वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षीच रसिकांना थक्क करीत होता. तेविशीच्या सुमारास त्यांना फुप्फुसाच्या क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी ते जानेवारी १९४८ मध्ये माळव्यातील देवासला गेले आणि पुढची सुमारे पाच वर्षे अंथरुणावर होते. गाण्यास मनाई होती. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलेले, तेव्हा नवेच. त्याने त्यांना वाचवले. परंतु जंतू मेले तरी फुप्फुसाची झालेली हानी भरून येत नाही; क्षय बरा झालेल्या पुष्कळांना पुढे जन्मभर श्वासाचा अडथळा राहतो. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत आले, आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला देह ठेवीपर्यंत जवळजवळ चार दशके गायले.

त्यांच्या गाण्यातली छोटी, टोकदार स्वरवाक्ये, मध्ये सोडलेली शांतता, अचानक उसळणारा तार स्वर, हे सगळे आजाराचे देणे आहे असे म्हणणाऱ्यांचा एक पंथ आहे. आम्हांस तो पटत नाही. आजार मर्यादा घालून देतो. त्या मर्यादेत काय रचायचे ते आजाराला ठाऊक नसते. पाच वर्षे अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीते ऐकणारे कान आणि त्यांतून राग शोधणारी बुद्धी त्यांची स्वतःची होती. तरीही एवढे खरे की गाण्याचा श्वास हा फक्त छातीत नसतो. पोट, पाठ, मान, बैठक, झोप, अन्न आणि मन या सर्वांची बेरीज करून तो निघतो. आणि एका बाजूची तूट दुसऱ्या बाजूने काही अंशी भरून काढता येते. या गृहस्थांनी ती भरून काढली. साध्या माणसालाही आपल्या मापाने ती काढता येते काय, हा आमच्या घरापुढचा प्रश्न होता.

बेळगावच्या डॉक्टरांनी त्याचे उत्तर पंप आणि गोळ्यांच्या जोडीला एका शिकाऊ मुलीच्या स्वाधीन केले. ही व्यायामोपचार शिकणारी मुलगी कन्नड भाषक होती. काकूंशी मोडक्या मराठीत बोले. तिने आधी श्वास सोडण्याची रीत शिकवली. नाकाने घ्यायचा आणि ओठ चिमटीसारखे करून, बाहेर सावकाश सोडायचा. त्यामुळे श्वासनलिकांत थोडा दाब टिकतो, त्या अवेळी मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघून जाते. काकूंना जमेना. मुलीने खूण करून विचारले, चूल कशी फुलवता? काकूंनी ओठ जुळवले, आणि रीत जमली. ज्या फुंकणीने हा आजार घरात आणला होता, तीच फुंकण्याची सवय आता कामी आली.

मग पाय. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, आधी पाच वेळा, महिन्याभराने पंधरा. पाण्याने भरलेला तांब्या खांद्यापर्यंत उचलणे. ओटीवर येरझारा; थांबावे, ओठांनी श्वास सोडावा, पुन्हा चालावे. जेवण तीन वेळांचे सहा वेळा, थोडे थोडे. नाचणीची आंबील, दूध, वरणावर तूप, शेंगदाण्याचा लाडू. दर वर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस. तीन महिन्यांनी पुन्हा नळीत फुंकले तेव्हा आकडा पहिल्याइतकाच होता. फुप्फुस तसूभरही सुधारले नव्हते. पण काकू स्टेशनाजवळच्या मारुतीला चालत जाऊन आल्या होत्या. हे आमच्या घरापुरते नवल नव्हे. २०१५ साली जगभरच्या ६५ चाचण्यांतील ३८२२ रुग्णांचा एकत्र आढावा घेण्यात आला, त्यातही हेच दिसले. अशा व्यायामोपचाराने दम कमी होतो, चालणे वाढते, जगणे सुसह्य होते. गेलेले फुप्फुस परत येत नाही. परंतु आजूबाजूचा देह सावरता येतो, आणि माणूस जगतो तो देहात.

२०१० नंतर रक्तातला प्राणवायू विश्रांतीतही घसरू लागला आणि घरी ऑक्सिजनचे यंत्र आले. हे यंत्र दम लागला की घटकाभर लावायचे असा पुष्कळांचा समज असतो. १९८० मधील अमेरिकन आणि १९८१ मधील ब्रिटिश चाचणीने दाखवले ते असे की, ज्यांचा प्राणवायू फार कमी आहे त्यांनी रोज निदान पंधरा तास तो घेतला तर आयुष्य वाढते. म्हणजे तो मुख्यतः हृदयासाठी आणि मेंदूसाठी असतो. जास्त घेतला की जास्त चांगले, असेही नाही. अशा रुग्णाचे प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. बटन उगाच वाढवले तर अंगात कर्बवायू साठून गुंगी येते. लोंढ्यात पावसात वीज जाते, म्हणून मोठा इन्व्हर्टर घेतला. नळी तुळशीपर्यंत पुरे एवढी लांब आणली. एकच गोष्ट काकूंना जड गेली. ऑक्सिजनजवळ ज्योत चालत नाही, म्हणून देवघरातली समई लावण्याचे काम सुनेकडे गेले. तेहेतीस वर्षे जी बाई विस्तवाजवळ बसली, तिला विस्तवापासून दहा हात दूर बसावे लागले. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “आता त्यानं मला ओळखलंय.”

२०१३ च्या श्रावणात काकू गेल्या. दाखल्यावर कारण हृदय बंद पडल्याचे होते. ते खोटे नव्हते. पण हृदय का बंद पडले हे सांगण्याइतकी जागा त्या रकान्यात नव्हती.

अशा किती रकान्यांत जागा नसेल! २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात या विकाराचे रुग्ण १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते, २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. लोकसंख्या आणि आयुर्मान वाढले हे त्याचे एक कारण आहेच. परंतु या विकारामुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यापैकी ५३.७ टक्के भाग हवेच्या प्रदूषणाकडे, त्यात घरातला धूरही आला, आणि २५.४ टक्के तंबाखूकडे जातो. ‘बिडी ओढत नाही, मग दमा कसला?’ हा आपल्याकडचा प्रश्न त्यामुळे निकालात निघतो. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, झोडपणाऱ्या बायकांनी कधी झुरका घेतला नाही, पण खकाणा जन्मभर श्वासाबरोबर घेतला; ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्या कामगार स्त्रियांवर अनुबोधपट केला होता. धूर असो की खकाणा, तो घेण्याचे काम बव्हंशी बायकांकडे होते, आणि बाई थकली की त्याला वयाचे नाव मिळे.

म्हणून वाचकांस दोनच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरातले वडील माणूस, विशेषतः चुलीपुढे आयुष्य काढलेली बाई, बारीक होऊ लागली, पायऱ्यांवर थांबू लागली, चार माणसांत जाणे टाळू लागली, तर एकदा तिला नळीत फुंकावयास लावावे. पाच-दहा मिनिटांची तपासणी आहे. आणि ज्याला हा विकार असल्याचे ठाऊक आहे, त्याची छाती तपासून झाली की वजन करावे, पाऊल दाबून पाहावे, मांडी चाचपावी, झोप विचारावी, आणि गेल्या वर्षी तो कोठवर चालत जात असे आणि यंदा कोठवर जातो हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाला यंत्र लागत नाही. घरचा माणूस लागतो.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर आमच्या आसपासच्या वाड्यांतूनही स्वयंपाकघरात गॅस दिसू लागला. पण न्हाणीघराला गॅस परवडत नाही. पावसाळ्यात आंघोळीचे पाणी आजही लाकडावर तापते, आणि ते तापवायला पहाटे उठणारी घरातली सूनच असते. काकू गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही न्हाणीघरातली चूल काढून मागल्या पडवीच्या टोकाशी, उघड्यावर, पत्र्याच्या आडोशाला मांडली आणि तिच्यावर धुराडे बसवले. खर्च फारसा आला नाही. पहाटे धूर आता सागाच्या शेंड्यांकडे जातो, आणि सून तेथे उभी राहून गाणे म्हणते. एका श्वासात चरण पुरे होते.